प्लेयरच्या मागचं नारिंगी भोक अ‍ॅम्प्लिफायरला कसं (आणि कशाला) जोडायचं?

निवांत_नाशिककर | शनिवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले. तीसेक वर्षांत जमवलेल्या साडेतीनशे सीडी आणि मैफलींच्या दहा-बारा डीव्हीडी कपाटात पडून होत्या. त्या परत ऐकता याव्यात म्हणून एक सेकंडहँड स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतला. प्लेयर घरचाच, २००७ साली घेतलेला डीव्हीडी प्लेयर. सीडीसुद्धा त्यावरच वाजतात. सध्या लाल-पांढऱ्या वायरीने जोडलंय आणि वाजतंय व्यवस्थित.

आता प्रश्न असा की प्लेयरच्या मागे लाल-पांढऱ्याच्या शेजारी एक नारिंगी भोक आहे, त्यावर 'कोअ‍ॅक्सिअल' लिहिलंय. अ‍ॅम्पच्या मागेही तसंच एक नारिंगी आहे, शिवाय दोन चौकोनी, झाकणवाली, 'ऑप्टिकल' लिहिलेली. नारिंगीला नारिंगी जोडलं तर आवाज सुधारतो का? दुकानात विचारलं तर म्हणाले खास डिजिटल केबल लागेल, अठराशे रुपये, साधी लावलीत तर चालणार नाही. अठराशेला माझी ना नाही, पण कशासाठी देतोय ते कळलं तर बरं. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "जे चालू आहे त्याला हात लावू नकोस."

खवट_पेठकर | शनिवार, सकाळी ११:३१

'वाजतंय व्यवस्थित' असं तुम्हीच लिहिलंय. इथे प्रश्न संपला. तीर्थरूपांचं ऐका.

रंकाळा_रॉकर | शनिवार, सकाळी ११:४८

भावा, अठराशे अजिबात देऊ नकोस. जुन्या टीव्हीची पिवळी वायर असंल की घरात कुठंतरी, माळ्यावर नाहीतर त्या 'लागंल कधीतरी'च्या पिशवीत. तीच नारिंगीत घाल दोन्हीकडं. चालतंय. माझी सहा वर्षं चाललीया.

ओम्स_लॉ | शनिवार, दुपारी १२:१५

रॉकर बरोबर सांगतायत. कारण मी लिहितो.

या जोडणीला ७५ ओहमची केबल लागते. टीव्हीच्या चित्राची पिवळी केबलही ७५ ओहमचीच असते आणि दोन्हींच्या टोकाला तेच आरसीए प्लग. रंग सोडला तर फरक नाही. लाल-पांढरी केबल त्या मापाची असेलच असं नाही, तरी मीटरभर अंतराला बहुतेक वेळा तीही निभावून नेते.

जोडणीचं नाव एस/पीडीआयएफ. त्यातला एस म्हणजे सोनी आणि पी म्हणजे फिलिप्स, ज्यांनी मिळून सीडी काढली त्याच कंपन्या. नारिंगी भोकातून येतो तो आवाज नसतोच, आकडे असतात. सीडीवर दर सेकंदाला डाव्या-उजव्या बाजूचे प्रत्येकी ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. गुणाकार करा, सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हे आकडे वायरीतून पलीकडच्या पेटीत जातात आणि तिथे त्यांचा आवाज बनतो. तो बनवणाऱ्या चिपला डॅक म्हणतात.

त्यामुळे तुमचा प्रश्न खरं तर केबलचा नाहीच. लाल-पांढऱ्याने जोडलंत की प्लेयरमधला डॅक राबतो, नारिंगीने जोडलंत की अ‍ॅम्पमधला. दोघांत चांगला कोण, एवढंच ठरवायचंय. साध्या डीव्हीडी प्लेयरमध्ये डॅकवर फारसा खर्च केलेला नसतो, म्हणून माझं मत अ‍ॅम्पला. पण तुमच्याकडे एखादा जुना, वजनदार, निव्वळ सीडी प्लेयर असता आणि अ‍ॅम्प स्वस्तातला, तर मी उलट सांगितलं असतं. डिजिटलने जोडलं म्हणून आवाज आपोआप सुधारत नाही, कामाची जागा बदलते.

आणि हो, नारिंगीतली वायर अ‍ॅम्पच्या लाल किंवा पांढऱ्या भोकात घालून 'डिजिटल काही चालत नाही' असं म्हणू नका. तिथे आकड्यांचा आवाज करणारं कुणी बसलेलं नाही. फार तर खरखर ऐकू येईल.

निवांत_नाशिककर | शनिवार, दुपारी १२:४०

ओम्स_लॉ, इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं. धन्स. पिशवी शोधतो.

सायली_ठाणे | शनिवार, दुपारी १:०५

ऑप्टिकलवाल्यांसाठी एक अनुभव. आमच्याकडे प्लेयरला कोअ‍ॅक्सिअल नव्हतंच, नुसतं ऑप्टिकल. नवी केबल आणली, जोडली, आवाज नाही. केबल उलटी करून पाहिली, दुसऱ्या भोकात घालून पाहिली. सासरे पुस्तिका घेऊन बसले. दोन तासांनी माझ्या आठवीतल्या लेकीने विचारलं, "आई, ह्याला टोपी आहे ती काढायची नाही का?" केबलच्या दोन्ही टोकांना बारीकशी पारदर्शक टोपी होती. पारदर्शक! दिसणार कशी?

तेव्हापासून माझी पद्धत अशी: केबलचं एक टोक प्लेयरमध्ये घालायचं, प्लेयर चालू करायचा आणि दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसतो का ते पाहायचं. दिसला तर इथवर सगळं ठीक, पुढचं अ‍ॅम्पकडे.

खवट_पेठकर | शनिवार, दुपारी १:१२

सासऱ्यांनी पुस्तिका वाचली हे वाचून डोळे पाणावले. अशी माणसं राहिली नाहीत.

डोंबिवली_फास्ट | शनिवार, दुपारी २:३०

ऑप्टिकलच्या बाजूने माझंही एक मत.

माझ्या सेटला सतत 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. गाणं बंद केलं की जास्तच जाणवायचा. अ‍ॅम्प दोनदा दुरुस्तीला नेला. तिथे वाजवला की गप्प, घरी आणला की घूंऽऽ. शेवटी कळलं की भानगड केबलवाल्याच्या वायरीची होती. ती सेट-टॉप बॉक्सला, बॉक्स टीव्हीला, टीव्ही प्लेयरला आणि प्लेयर अ‍ॅम्पला, अशी साखळी होती. केबलवाल्याची वायर काढली की घूंऽऽ बंद. म्हणजे मालिका बघा नाहीतर गाणी ऐका. बायको म्हणाली, मालिका.

मग प्लेयर ऑप्टिकलने जोडला. दोन्ही सुखाने नांदतंय.

ओम्स_लॉ | शनिवार, दुपारी २:५२

याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन पेट्यांचं अर्थिंग दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडलं गेलं की त्या फेऱ्यात ५० हर्ट्झचा थोडासा करंट फिरतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. ऑप्टिकल केबलमध्ये तांबं नसतं, प्लास्टिकचा एक मिलिमीटर जाडीचा तंतू आणि त्यातून जाणारा लाल प्रकाश असतो. विजेची वाटच तुटते. तोशिबाने १९८३ साली हे काढलं, म्हणून त्याला टॉसलिंक म्हणतात. फक्त केबल काटकोनात मुडपू नका आणि पंधरा-वीस मीटर नेऊ नका.

घूंऽऽ घालवायला कुणी थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडायला सांगतात. ते मात्र करू नका. ती पिन जिवासाठी असते.

सुवर्णकर्ण | शनिवार, दुपारी ४:१०

चर्चा वाचून वाईट वाटलं. टीव्हीची पिवळी वायर लावून संगीत ऐकणं म्हणजे देवगड हापूसचा रस स्टीलच्या बादलीतून पिणं. मी गेली बारा वर्षं या छंदात आहे. माझ्याकडे चांदीची कोअ‍ॅक्सिअल केबल आहे, नऊ हजारांची. ती लावल्यावर गायक आणि तबलजी यांच्यातलं अंतर स्पष्ट कळतं. पिवळ्या वायरीत दोघं एकमेकांच्या मांडीवर बसलेले वाटतात. आकडे म्हणजे फक्त शून्य आणि एक नव्हे, ते वेळेवर पोहोचणंही महत्त्वाचं असतं. जिटर हा शब्द इथे कुणी ऐकलाय का?

रंकाळा_रॉकर | शनिवार, दुपारी ४:१५

आमच्यात रस बादलीतनंच वाढत्यात ओ. चवीला काय फरक पडत नाही.

गणिती | शनिवार, दुपारी ४:४०

सुवर्णकर्ण, जिटर ऐकलाय. घड्याळाचा ठोका याच वायरीतून आकड्यांसोबत येतो आणि अ‍ॅम्पला तो त्यातून वेगळा काढावा लागतो. ठोके मागेपुढे झाले तर तो जिटर, इथपर्यंत तुमचं मान्य. पण तो काढणारं सर्किट अ‍ॅम्पमध्ये असतं आणि हल्लीची सर्किटं ते काम चोख करतात. मीटरभर वायर चांदीची की तांब्याची याने तबलजी उठून बाजूला जाऊन बसत नाही.

दुसरं म्हणजे वायर खरोखर वाईट असली तर काय होतं ते मी ऐकलंय. टक्-टक् आवाज येतात, मध्येच सेकंदभर शांतता पसरते. 'गोडवा कमी झाला', 'पडदा आला' असं होत नाही. या जोडणीत चुकलेला आकडा परत मागवायची सोय नाही, त्यामुळे चूक झाली की ती लपत नाही, कानावर आदळते.

सुवर्णकर्ण | शनिवार, दुपारी ४:५५

ज्याचे कान तयार नाहीत त्याला सगळंच सारखं.

गणिती | शनिवार, दुपारी ४:५८

डोळ्यांवर पट्टी बांधून दहापैकी नऊ वेळा ओळखा, नऊ हजार मी देतो. केबल तुमची, चहा माझा.

खवट_पेठकर | शनिवार, संध्याकाळी ५:०२

मी एका दुकानात सोन्याचा मुलामा दिलेली ऑप्टिकल केबल पाहिली होती. प्रकाशाला सोन्याचं काय कौतुक असेल ते विचारायचं राहून गेलं. बहुधा लग्नसराई होती.

संपादक | शनिवार, संध्याकाळी ५:३०

कान, मुलामा आणि बादली यांवरची व्यक्तिगत शेरेबाजी थांबवावी. दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विषयावर या.

बोरीबंदर_ते_बोस्टन | शनिवार, रात्री ९:१५

अवांतर होईल, पण सीडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. कॉलेजात असताना शनिवारी मुंबईत काळा घोड्याला रिदम हाऊस या सीडींच्या दुकानात जायचो. खिशात पैसे बेताचेच. बूथमध्ये उभं राहून ऐकायचं, तीन-चार डिस्कची मागची बाजू वाचायची आणि एक विकत घ्यायची. २०१६ साली ते बंद झालं तेव्हा इथे बसून बातमी वाचली आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

मागची बाजू वाचताना एक गंमत कळली होती. जुन्या सीडींवर तीन अक्षरं छापलेली असायची, 'एएडी', 'एडीडी' किंवा 'डीडीडी'. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं अखेरच्या मास्टरिंगचं. ए म्हणजे अ‍ॅनालॉग, डी म्हणजे डिजिटल. आपल्याकडच्या जुन्या मैफलींच्या सीडी बऱ्याचदा एएडी, म्हणजे टेपवरच्या गाण्याचे शेवटी आकडे केलेले. त्या टेपची सळसळ आकड्यांतही उतरते. कुठल्याही भोकातून काढा, ती राहणारच. नाशिककर, बाबांच्या सीडींवर बघा जरा.

हॅलो_मेहकर | शनिवार, रात्री ९:५०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर आहे, पाच स्पीकर आणि सबवूफर. ओम्स_लॉ म्हणतात तसा माझ्याकडे वजनदार सीडी प्लेयर आहे, म्हणून तो लाल-पांढऱ्याने जोडलाय. म्हणजे डॅक प्लेयरचाच चालणार ना?

ओम्स_लॉ | शनिवार, रात्री १०:२०

मेहकर, तुमच्याकडे तसं होतंच असं नाही, बरं झालं विचारलंत. बरेच रिसीव्हर लाल-पांढऱ्याने आलेल्या आवाजाचे आधी परत आकडे करतात. सबवूफरकडे काय पाठवायचं, खोलीप्रमाणे काय कमी-जास्त करायचं, हे हिशोब आकड्यांवरच होतात. मग पुन्हा त्याचा आवाज. म्हणजे प्लेयरने आकड्यांचा आवाज केला, रिसीव्हरने आवाजाचे आकडे केले आणि परत आकड्यांचा आवाज. दळण दळून आणायचं, परत गव्हात घालायचं आणि पुन्हा गिरणीत.

रिमोटवर 'प्युअर डायरेक्ट' किंवा नुसतं 'डायरेक्ट' असं बटण असेल तर दाबा. बहुतेक रिसीव्हरमध्ये त्याने हा फेरा चुकतो, पण सबवूफरही गप्प बसू शकतो. तो हवाच असेल तर तुमच्यासाठी डिजिटल जोडणी सरळ. नाशिककरांचा अ‍ॅम्प साधा स्टीरिओ आहे, त्यांना ही भानगड नाही.

निवांत_नाशिककर | रविवार, सकाळी १०:०५

मंडळी, बातमी! पिवळी वायर सापडली. पिशवीत नव्हती, आईने त्या वायरीने पितळी डबा बांधून ठेवला होता. नारिंगीला नारिंगी जोडलं, अ‍ॅम्पवर 'कोअ‍ॅक्सिअल' निवडलं, सीडी घातली आणि वाजली! अठराशे वाचले.

पण मग बाबांनी मैफलीची डीव्हीडी घातली. चित्र ठीक, आवाज शून्य. सीडी परत घातली, वाजते. डीव्हीडी, शून्य. बाबांनी काहीच म्हटलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

भुईमूग | रविवार, सकाळी १०:२०

डीव्हीडी खराब झाल्या असतील. दमट हवेत बुरशी येते. आमच्या चिपळूणला सगळ्या गेल्या.

निवांत_नाशिककर | रविवार, सकाळी १०:२४

नाही हो, लाल-पांढऱ्यावर त्याच डीव्हीडी वाजतात.

हॅलो_मेहकर | रविवार, सकाळी १०:३०

अ‍ॅम्पमधला डॅक उडाला असेल. सेकंडहँड वस्तूचं असंच असतं.

गणिती | रविवार, सकाळी १०:३३

उडालेल्या डॅकवर सीडी कशी वाजेल?

बोरीबंदर_ते_बोस्टन | रविवार, सकाळी १०:४१

झोपायच्या तयारीत होतो, पण हे मला माहीत आहे म्हणून पटकन लिहितो.

सीडीवर सरळ आकडे असतात, पीसीएम. डीव्हीडीवर आवाज बहुधा डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून भरलेला असतो. प्लेयरची मूळ सेटिंग अशी असते की नारिंगी भोकातून हा गठ्ठा न सोडताच पुढे पाठवायचा, म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर तो सोडवून पाच स्पीकरना वाटेल. तुमच्या स्टीरिओ अ‍ॅम्पला डॉल्बी येत नाही. गठ्ठा हातात आला, उघडता येईना, म्हणून तो गप्प बसला. गप्प बसतोय हे नशीब समजा, काही डॅक तोच गठ्ठा आवाज समजून वाजवतात आणि कान किटतात.

उपाय: प्लेयरच्या सेटअपमध्ये ऑडिओ, त्यात 'डिजिटल आउट'. तिथे 'बिटस्ट्रीम' असेल, काही प्लेयरमध्ये त्याला 'रॉ' म्हणतात. ते बदलून 'पीसीएम' करा. मग प्लेयर गठ्ठा स्वतः सोडवून दोन बाजूंचे साधे आकडे पाठवेल.

ओम्स_लॉ | रविवार, सकाळी १०:५०

बोस्टनकर, +१. दोन गोष्टींची भर घालतो. डिस्क आत असताना काही प्लेयरमध्ये ती ओळ पुसट दिसते, निवडताच येत नाही. आधी डिस्क काढा. आणि एखाद्या डीव्हीडीवर आवाजाचे पर्याय असतील तर डीटीएस (आवाज दाबून भरायची दुसरी एक पद्धत) सोडून दुसरा घ्या, बऱ्याच जुन्या प्लेयरना डीटीएसचा गठ्ठा स्वतः सोडवता येत नाही.

निवांत_नाशिककर | रविवार, सकाळी ११:१०

'रॉ' होतं. 'पीसीएम' केलं. वाजलं!!! बाबा म्हणाले, "हं." आमच्याकडे याहून मोठी दाद दिली जात नाही.

सायली_ठाणे | रविवार, सकाळी ११:१५

'हं' मिळवलात म्हणजे जिंकलात. अभिनंदन.

पणजीकार | रविवार, दुपारी १२:३०

मी उशिरा आलो. माझ्याकडे उलटी तक्रार आहे. पोर्तुगालहून भावाने काही एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) पाठवल्या, त्या वाजवणारा प्लेयरही आहे. साधी सीडी ऑप्टिकलने वाजते, पण एसएसीडी लावली की अ‍ॅम्प मुका. बिटस्ट्रीम-पीसीएम दोन्ही करून पाहिलं.

ओम्स_लॉ | रविवार, दुपारी १:००

ते मुद्दामच तसं ठेवलंय. एसएसीडी १९९९ साली आली. तिच्यात १६ बिटचे नमुने नसतात, एकाच बिटचे, पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त. हे आकडे एस/पीडीआयएफवरून बाहेर सोडायला परवानगीच नाही, कुणी सरळ नक्कल करू नये म्हणून. एचडीएमआयने जातात, दोन्ही पेट्यांना येत असेल तर. नाहीतर लाल-पांढरी.

तुमच्या डिस्कवर 'हायब्रिड' लिहिलंय का बघा. असेल तर तिच्यात साध्या सीडीचाही थर असतो. प्लेयरच्या रिमोटवरून सीडीचा थर निवडा, ऑप्टिकलने वाजेल. मात्र मग ती सीडीच झाली.

पणजीकार | रविवार, दुपारी १:२०

हायब्रिड आहेत. देव बरें करूं. भावाला मात्र सांगणार नाही, त्याने दुप्पट पैसे दिलेत.

माझा_टीव्हीच_बरा | रविवार, दुपारी ३:४०

एवढं कशाला? प्लेयर एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्हीचा ऑप्टिकल अ‍ॅम्पला. दोन वायरी, काम संपलं.

डोंबिवली_फास्ट | रविवार, दुपारी ३:५५

आणि भैरवी ऐकायला टीव्ही चालू ठेवायचा? शिवाय माझ्या टीव्हीतून आवाज ओठांच्या मागून यायचा. बुवांची समेवर मान हलायची आणि सम त्यानंतर.

खवट_पेठकर | रविवार, दुपारी ४:०१

काही बुवांचं मैफलीतही तसंच व्हायचं. टीव्हीला दोष नको.

निवांत_नाशिककर | पुढचा शनिवार, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, क्षमस्व. पण मूळ प्रश्न 'आवाज सुधारतो का' हा होता आणि त्याचं उत्तर शोधायला आम्ही गणितींचा प्रयोग केला.

दोन्ही वायरी एकाच वेळी जोडता येतात हे मला आधी सुचलंच नव्हतं. पिवळी नारिंगीत, लाल-पांढरी अ‍ॅम्पच्या 'सीडी' लिहिलेल्या भोकात. सीडी चालू ठेवून अ‍ॅम्पचं बटण फिरवलं की नुसता डॅक बदलतो. एकाचा आवाज थोडा मोठा येत होता. मोठा तो चांगला वाटतो असं वाचलं होतं, म्हणून मोबाइलमधल्या आवाज मोजायच्या अ‍ॅपने दोन्ही सारखे करून घेतले. बाबा अ‍ॅम्पकडे पाठ करून बसले, बटण मी फिरवत होतो, आई वहीत लिहीत होती.

पाच सीडी, प्रत्येकीच्या दहा फेऱ्या. चार सीडींवर बाबांनी पाच, सहा, चार, सहा असं बरोबर ओळखलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मला स्वतःला काडीचा फरक कळला नाही.

पण पाचव्या सीडीवर दहापैकी दहा! काकांनी १९८५ साली टोकियोहून आणलेली पियानोची सीडी. बाबा म्हणाले, "डिजिटलवर हा पियानो नाही, काचेचे पेले आहेत." मलाही कळलं, खरंच टोकदार, किंचाळल्यासारखा येतो. लाल-पांढऱ्यावर मऊ. बाकी कुठल्याच सीडीला असं होत नाही. वायर बदलली, तेच. हे काय असेल?

सुवर्णकर्ण | पुढचा शनिवार, रात्री ८:४५

शेवटी कान जिंकले. पिवळी वायर काढा.

रंकाळा_रॉकर | पुढचा शनिवार, रात्री ८:४७

वायर बदलून बगितली म्हणत्यात की वो.

ओम्स_लॉ | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

नाशिककर, १९८५, जपान आणि एकच सीडी, हे वाचून खुर्चीतून उठलोच. हा प्री-एम्फसिस असणार.

सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर, त्यातही जपानी जास्त, वरच्या पट्टीतले स्वर मुद्दाम वाढवून भरलेले असायचे. ऐकताना प्लेयरने ते तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यासोबत वरची सळसळही खाली जाते. कॅसेटची सळसळ कमी करणाऱ्या डॉल्बीचा चुलतभाऊ समजा. डिस्कवर तशी एक खूण असते, 'हे वाढवलंय, कमी करून वाजव'. ती खूण एस/पीडीआयएफमधून आकड्यांसोबत पुढे जायला हवी, तिच्यासाठी जागाही राखलेली आहे. पण एक तर तुमचा प्लेयर ती पुढे पाठवत नाही किंवा अ‍ॅम्पमधला डॅक ती वाचत नाही. पुढे अशा सीडी निघणं जवळपास थांबलं, मग नव्या डॅकवाल्यांनीही तिकडे लक्ष द्यायचं सोडलं. प्लेयरचा स्वतःचा डॅक ती खूण ओळखतो, म्हणून लाल-पांढऱ्यावर पियानो पियानोसारखा.

बाबांच्या कानांना माझा नमस्कार सांगा. बाकी चार सीडींत फरक नव्हता तेव्हा त्यांनी उगाच 'आहे' म्हटलं नाही, आणि होता तिथे एकदाही चुकले नाहीत.

गणिती | पुढचा शनिवार, रात्री ९:४१

वाचनखूण साठवली. नऊ हजार मात्र अजून माझ्याच खिशात आहेत, याची सुवर्णकर्णांनी नोंद घ्यावी.

निवांत_नाशिककर | पुढचा शनिवार, रात्री १०:१०

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग त्या एका सीडीसाठी लाल-पांढरी राहू दे. काढू नकोस." आता दोन्ही वायरी जोडलेल्याच आहेत. त्या सीडीच्या कव्हरवर त्यांनी पेन्सिलने 'लाल' असं लिहून ठेवलंय.

आई विचारतेय, पितळी डबा आता कशाने बांधायचा.

खवट_पेठकर | पुढचा शनिवार, रात्री १०:१४

सुवर्णकर्णांकडे चांदीची आहे.